स्वल्पीचा तोंडी खुलासा

कॉलेजातल्या पहिल्या दिवशी तिला स्वतःचं नाव सांगता आलं नाही.

आम्ही चौदाजण एका लांबट टेबलाभोवती बसलो होतो. प्रत्येकाने उठून नाव सांगायचं, घरी कोण काय करतं ते सांगायचं, कुठला विषय का घेतला ते सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी चांगली तीन मिनिटं बोलले, दोनदा हशा घेतला आणि बसले. माझ्या शेजारी ती होती. ती उठली. ओठ जुळले ते सुटेचनात. मानेची शीर वर आली, डोळे घट्ट मिटले, उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर आपटायला लागली. आधी आम्हाला वाटलं ठसका लागलाय. मग कळलं, आणि सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. कुणी वहीत, कुणी पंख्याकडे. नावाचं पहिलं अक्षर चार वेळा आलं, दुसरं आलंच नाही. समोरचा एकजण म्हणाला, "चालेल, चालेल, नंतर सांग." ती खाली बसली.

आठवड्याच्या आत तिचं नाव पडलं, स्वल्पविराम. वाक्यात जिथेतिथे थांबते म्हणून. पुढे त्याची झाली स्वल्पी. हे नाव कुणी ठेवलं ते आधीच सांगून टाकते. मी ठेवलं. वसतिगृहात ती माझ्याच खोलीत होती, त्यामुळे तो हक्क मला आहे असं मला वाटलं असावं. तिला ते नाव आवडलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. ती हसली होती एवढं आठवतंय.

आमचं कॉलेज लहान होतं. एकशे ऐंशी मुलं, सतरा शिक्षक, दोन इमारती आणि त्यांच्या मधोमध जाळी नसलेलं एक बॅडमिंटन कोर्ट. इथे कुणाला एकच विषय धरून बसता येत नसे. तत्त्वज्ञानाबरोबर वनस्पतिशास्त्र, नाटकाबरोबर संख्याशास्त्र, असं सगळं घ्यावं लागे. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर छापलं होतं, 'आमच्याकडे मागचा बाक नाही.' आणि ते खरंच होतं. टेबलाला मागचा बाक कुठून असणार? शंभरातले चाळीस गुण बोलण्याला होते. 'चर्चेतला सहभाग' म्हणायचे त्याला.

स्वल्पीने हे कॉलेज का निवडलं? प्रवेश निबंधावर होता, मुलाखत नव्हती, म्हणून. शिवाय तिचा हिशोब असा की माणसं कमी तर बोलणंही कमी. हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. मोठ्या कॉलेजात ती तीनशे मुलांच्या वर्गात तीन वर्षं मुकाट बसून सुखाने पास झाली असती.

तिचे वडील सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. घराच्या खालच्याच मजल्यावर कारखाना, म्हणजे एक लांब खोली, एक टेबल, काथ्याची पोती आणि फाटक्या कापडांचा ढीग. कापड ठोकायचे बारीक खिळे, ज्यांना चुका म्हणतात, ते वडील ओठांत धरायचे, एकेक काढायचे आणि हातोडीच्या एका ठोक्यात बसवायचे. त्यामुळे कामाच्या वेळी त्यांचं तोंड भरलेलं. घरात बोलणारी एकटी आई. स्वल्पी तिथे अडखळली तरी कुणाचं काही अडत नसे. कुणाला घाईच नव्हती. कॉलेजात सगळ्यांनाच घाई होती.

तिचे हाल मी रोज बघत होते. 'च' तिच्याकडून सुटायचा नाही, म्हणून दोन वर्षं ती कॅन्टीनमध्ये चहाऐवजी लिंबूसरबत पीत राहिली, थंडीतसुद्धा. सरांचा फोन आला तर ती तो मला द्यायची. वर्गात बोलायचं वाक्य ती आदल्या दिवशी लिहायची, त्यातले अवघड शब्द काढून सोपे घालायची, आरशासमोर म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती तोंड उघडेपर्यंत चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असायची. कधी थांबलेच सगळे, तर ती शांतता अशी दयाळू असायची की तिचं उरलंसुरलं बोलणंही आत पळायचं. पहिल्या वर्षी बोलण्याचे तिला चाळीसपैकी चार मिळाले. मला अडतीस.

मी तिची वाक्यं पुरी करायचे. तिला मदत म्हणून. ती "मला उद्या ल..." म्हणाली की मी म्हणायचे, "लवकर उठव, हो ना?" ती मान हलवायची. दहापैकी दोनदा तरी तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं असणार, पण पुन्हा सुरू करण्यापेक्षा लवकर उठणं तिला सोपं पडत असेल.

लिहायची मात्र ती सपाट्याने. वसतिगृहाच्या गच्चीलगत कपडे वाळवायची एक खोली होती. दुपारी जेवणानंतर ती तिथे ओल्या चादरींच्या मध्ये उलटी बादली ठेवून त्यावर बसायची आणि मांडीवर वही घेऊन दोन-दोन तास लिहायची. खाडाखोड जवळपास नाहीच.

दुसऱ्या वर्षी आम्हाला 'वस्तू आणि माणसं' नावाचा विषय होता. शिकवायला मुद्दे सर. तरुणपणी वादविवादात त्यांनी कपाट भरून ढाली मिळवल्या होत्या आणि वर्गात कुणी भरकटलं की म्हणायचे, "मुद्द्याचं बोला." म्हणून मुद्दे सर. माणूस वाईट नव्हता. कुणी आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात घेऊन जायचे. पण त्यांचं एक ठाम मत होतं, "जे बोलता येत नाही ते तुम्हाला कळलेलंच नसतं." हे ते वर्षातून चार वेळा तरी म्हणत, आणि दर वेळी मी मान डोलावत असे.

वर्षाअखेरीस एक मोठा निबंध द्यायचा होता. स्वल्पीने 'बसणं' हा विषय घेतला. एके दिवशी ती आंघोळीला गेली असताना वही पलंगावर होती. मी उचलली. चार पानं वाचली आणि उभीच राहिले. तिच्या वडिलांकडे एका कचेरीतली खुर्ची दुरुस्तीला आली होती, तिच्याबद्दल ते होतं. खुर्चीची गादी फक्त पुढच्या कडेला झिजली होती, पाठीचं कापड कोरं करकरीत. अकरा वर्षं कुणीतरी त्या खुर्चीवर पाठ न टेकता बसलं होतं, कधीही हाक येईल आणि उठावं लागेल अशा बेताने. तिने लिहिलं होतं, 'खुर्ची मिळणं वेगळं आणि बसायला मिळणं वेगळं.'

मी वही जागेवर ठेवली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझा निबंध शाळेच्या बाकांवर होता आणि पार कोरडा झाला होता. मी ते वाक्य त्यात घातलं. वाक्याला आधार हवा म्हणून कडेवर बसणाऱ्या माणसांचा सगळा विचारही घातला, दीड पान. मला घरी जायचं होतं म्हणून मी निबंध आठवडाभर आधी दिला.

परत आले तर सरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवायला घेतला. तेच दीड पान. "याला म्हणतात मुद्दा," सर म्हणाले. स्वल्पी माझ्याकडे बघत होती. मी पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

खोलीवर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. "ते... म-म-मा..."

"माझ्याकडून विचारायचं राहिलं, हो ना?" मी म्हणाले. "सॉरी गं. लिहिता लिहिता सहज आलं. आणि तुझा किती मोठा आहे, त्यात माझं एवढंसं."

तिला 'माझं आहे' असं म्हणायचं होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं.

तिने आपला निबंध जसाच्या तसा दिला. बावीस पानं. चार दिवसांनी तिला पत्र आलं. निबंधाची भाषा आणि समज 'वर्गातल्या एकूण कामगिरीशी विसंगत' आहे, आणि सात ते नऊ ही पानं आधी आलेल्या दुसऱ्या एका निबंधाशी जुळतात. सबब समितीसमोर तोंडी खुलासा करावा. वेळ पंधरा मिनिटं.

तिने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, "काही होत नाही गं." माझ्या पाचावर धारण बसली होती.

समितीत तिघं होती, प्राचार्या बाई, मुद्दे सर आणि गणिताच्या बाई. आधी मला बोलावलं. सरांनी विचारलं, "तू तिची खोलीतली सोबतीण. हा निबंध लिहिताना तिला पाहिलंस?"

हो म्हणायला दोन क्षण लागले असते. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'वाचलास का?'

"ती काहीतरी लिहीत असते," मी म्हणाले. "काय ते मला माहीत नाही. ती बोलत नाही ना कुणाशी फारसं."

"तुझा मुद्दा तिच्याकडे कसा गेला?"

"एका खोलीत राहतो आम्ही, सर." या एका वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते इतकं छान बोलले की गणिताच्या बाईंनी मान हलवली.

मग ती आत गेली. दाराची कडी तुटलेली होती, दार नीट लागत नसे. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. सर म्हणाले, "घाबरू नको. एवढंच सांग, सातव्या पानावरचा विचार तुला कसा सुचला?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग तिचा 'म'. 'म' आला, तुटला, परत आला. बोटं टेबलावर आपटत होती. "शांतपणे," सर म्हणाले. "पाणी घे." परत 'म'. "तुला म्हणायचंय की मैत्रिणीने सांगितलं?" तिने काय केलं मला दिसलं नाही. प्राचार्या बाई म्हणाल्या, "लिहून देऊ दे का तिला?" सर म्हणाले, "बाई, लिहिण्याबद्दलच तर शंका आहे." यात तर्क होता, त्यामुळे कुणालाच पुढे बोलता आलं नाही. पंधरा मिनिटं झाली. पालकांना बोलवायचं ठरलं.

त्या रात्री ती जेवली नाही. मी तिच्या पलंगाकडे पाठ करून झोपेचं सोंग घेतलं.

तिचे वडील दोन दिवसांनी आले. स्वच्छ शर्ट, बोटांना डिंकाचे डाग, हातात घडी केलेलं पत्र. ती तासाला होती, म्हणून फाटकापासून कचेरीपर्यंत त्यांना मी घेऊन गेले. वाटेत ते थांबले. "तू तिच्या खोलीतली ना? पोरगी फोनवर नुसती रडते. नेमकं काय झालंय?"

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मी म्हणाले, "काका, एवढं काही नाही. माफी मागितली की संपेल. सर तसे चांगले आहेत."

ते मला म्हणाले, "देव तुझं भलं करो."

आत स्वल्पी तास सोडून आधीच येऊन बसली होती. वडिलांना खुर्ची दिली, तर ते बसलेच नाहीत. हात जोडून उभे राहिले. "मी अडाणी माणूस," ते म्हणाले. "पोरगी लहानपणापासून अशी. तिला बोलता येत नाही, म्हणून कुणाचं बघून लिहिलं असेल. चुकलं तिचं. लेकराला पदरात घ्या. वर्ष वाया घालवू नका."

मी दाराच्या फटीतून बघत होते. स्वल्पी उठली. तिचं तोंड उघडं होतं, सगळा चेहरा वाकडा झाला होता, आवाज नव्हता. तिने वडिलांचा जोडलेला हात धरून खाली ओढला. त्यांना वाटलं ती आधार मागतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत म्हणाले, "माफ करा."

प्राचार्या बाईंनी लिहून घेतलं, 'पालकांनी चूक मान्य केली.' निबंधाला शून्य. एक वर्ष कॉलेजबाहेर.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "चल, सामान भर, सोबत जाऊ." ती जागची हलली नाही. त्यांनी तासभर वाट पाहिली, मग एकटेच गेले. स्वल्पी बॅडमिंटनच्या कोर्टाकडेला बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले. ती उठून दुसऱ्या टोकाला गेली. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन तीही गेली. वही तेवढी कचऱ्याच्या डब्यात होती; समितीत ती कुणी मागितलीच नव्हती. मी ती काढली, पुसली आणि माझ्या कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली.

नंतरचे चार महिने मी वर्गात बोलत होते, गुण मिळवत होते, आणि खोलीत आलं की मला तिथे बसवत नसे. तिची जागा रिकामीच ठेवली होती. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वही पिशवीत घालून तिच्या घरी गेले.

दार तिच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि मग जिन्यातच उभं करून बोलल्या. "खाली आहेत दोघं. एकाच टेबलावर काम करतात. हे कापड धरतात, ती टाके घालते. चार महिन्यांत एक शब्द नाही बाप-लेकीत. आधी ती अडखळायची तरी. आता तेही नाही. मी एकटीच बडबडत असते, भिंतीशी बोलल्यासारखी. रात्री हे मला विचारतात, माझं काय चुकलं? मी काय सांगू यांना?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तू मैत्रीण ना तिची? मग तू काय सांगितलंस तिथं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा तत-पप केलं. मग पायरीवर बसून सगळं सांगितलं. वाक्य चोरलं ते, समितीला सांगितलं ते, आणि काकांना फाटकापासून आत नेताना बोलले तेही.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या तोंडून तू ते वदवलंस?" आणि वर निघून गेल्या. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खाली जायची हिंमत झाली नाही. मी थेट कॉलेजात आले आणि प्राचार्या बाईंना वही दिली. तारखा वहीतच होत्या, माझ्या निबंधाच्या महिनाभर आधीच्या. बोलायला मला आठ मिनिटं लागली. बाईंनी चष्मा काढला. "तू फार छान बोलतेस," त्या म्हणाल्या. "मला आता त्याचीच भीती वाटायला लागलीय." माझा निबंध रद्द झाला, तो विषय मला पुन्हा करावा लागला. बाईंनी स्वल्पीच्या घरी पत्र पाठवलं की आरोप मागे घेतला आहे, खुलाशाची आवश्यकता नाही.

मला वाटलं, संपलं. आठ दिवसांनी स्वल्पी स्वतः आली. वाळली होती, सुईने बोटांना घट्टे पडले होते. ती खोलीच्या दारातच उभी राहिली, आणि मी तिला आत ये म्हणणार तोच तिने हात वर करून मला गप्प केलं.

"त-तू," ती म्हणाली. मी ओठ दाबून धरले. वाक्य यायला किती वेळ लागला कोण जाणे. "तू पण... माझ्यासाठी... ब-ब-बोलून आलीस."

"अगं, पण खरं तेच..."

तिने परत हात वर केला. "ब-बाबा माझ्यासाठी बोलले. तू माझ्यासाठी बोललीस. म-म-मला... कुणी... विचारलंच नाही."

तिने प्राचार्या बाईंना अर्ज दिला. तीन ओळींचा. समितीने तोंडी खुलासा मागितला होता, तो अजून झालेला नाही. तो मी करणार आहे. वेळ ठरवू नये.

सर म्हणाले, आता याची गरज काय? बाई म्हणाल्या, "आपणच मागितला होता."

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ती उभी राहिली. टेबलापलीकडे तीच तिघं. मला भिंतीशी बसायला सांगितलं होतं, तिच्या सांगण्यावरून. हातात कागद नव्हता. तिने सातव्या पानापासून सुरुवात केली. ती खुर्ची कुठून आली, वडिलांनी खालचं गोणपाट कसं उसवलं, आतला काथ्या कुठे दबलेला होता.

ते ऐकणं सोपं नव्हतं, आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. एका शब्दावर ती मिनिटभर अडकायची. लाळ ओठांच्या कोपऱ्यात यायची, ती हाताने पुसायची. बघवत नव्हतं. गणिताच्या बाईंनी मान खाली घातली, तर ती थांबली आणि त्या वर बघेपर्यंत बोललीच नाही. "क-क-का..." वर अडली तेव्हा सर म्हणाले, "काथ्या?" तिने मान नकारार्थी हलवली आणि परत पहिल्यापासून ते वाक्य सुरू केलं. तिला 'कागद' म्हणायचं होतं. गादीच्या आत कुणीतरी चिठ्ठी कोंबली होती, तो कागद. निबंधात तो नव्हता. वडिलांनी तो न वाचता परत आत घातला होता. थोड्या वेळाने सरांनी परत एक शब्द पुरवला, तेव्हा प्राचार्या बाईच म्हणाल्या, "सर, थांबा."

अकराची घंटा झाली. सरांचा तास होता. दारात मुलं डोकावून गेली. सर उठायला लागले. ती बोलायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सर बसले.

'खुर्ची मिळणं वेगळं' या वाक्यापाशी ती आली. मला पळून जावंसं वाटलं. 'वेगळं'चा 'व' निघेना. टेबलावर बोटांचा ठोका पडत होता, तिच्या कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. मला पुढचा शब्द माहीत होता, मी तो चोरलेला होता. मी दातांखाली जीभ धरली. अखेर ते वाक्य आलं, तुकड्यातुकड्यांनी, आणि तिने ते तिथेच सोडलं, स्पष्टीकरण न देता.

शेवटी ती म्हणाली, "हे म..." इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. आधीच्या वेळी ती इथेच बुडाली होती. मी घड्याळाकडे बघितलं नाही. "मी," ती म्हणाली. "मी लिहिलं. म-माझ्या बाबांनी... जी चूक मान्य केली... ती झालेलीच न-नाही. ते खोडा."

बाईंनी नोंदवही मागवली आणि तिच्यासमोर ती ओळ खोडली. बारा वाजायला पंधरा मिनिटं होती.

सगळं गोड झालं असं नाही. वर्ष गेलं ते गेलंच. 'वस्तू आणि माणसं'मध्ये तिला निबंधाचे पुरे गुण मिळाले, बोलण्याचे चाळीसपैकी सहा. नियम बदलला नाही. सरांनी माफी मागितली नाही. जिन्यात भेटले तेव्हा मात्र थांबले आणि खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाले, "अगं, हे सगळं तू आधीच का नाही बोललीस?" ती खाली उतरून गेली.

माझ्याशी ती बोलते. मधूनमधून तिचं पत्र येतं. माफ केलंस का, हे मी विचारलेलं नाही. उत्तर ऐकायला लागेल तेवढा वेळ थांबायची माझी तयारी आहे, पण उत्तराची नाही.

वडिलांबरोबरचं तिने मला एका पत्रात कळवलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने त्यांना सांगितलं, ओळ खोडली. ते हातातलं काम ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला बोलता येणार नाही. म्हणून मी बोललो."

ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं, मी च-चोरी केली."

"तसं नाही."

"बाबा. व-वाटलं होतं का?"

ते म्हणाले, "हो. बावीस पानं तू कुठून लिहिणार, असं वाटलं." आणि रडायला लागले. तिने त्यांना रडू दिलं. पत्रात पुढे लिहिलं होतं, ते खोटं बोलले असते तर मी घर सोडलं असतं. खरं बोलले, म्हणून मी राहिले, पण ते वाक्य आता घरात आहे. आम्ही जेवायला बसतो तेव्हाही असतं.

तिसऱ्या वर्षाला ती कॉलेजात परत आली तेव्हा मी शेवटची परीक्षा देऊन निघाले होते. तिचे वडील ट्रंक घेऊन बसथांब्यापर्यंत आले होते. ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली. बस सुटली. तिने मागे वळून बघितलं नाही. पण पुढच्या सुट्टीत ती घरी गेली, आणि त्यांना वाचायला म्हणून ती बावीस पानं घेऊन गेली. ते रोज अर्धं पान वाचतात. अजून सातव्यापर्यंत पोचलेले नाहीत.